सही कुणाची?

आमच्या शिरूर अनंतपाळकडे पियानो म्हणजे सिनेमातली वस्तू. श्रीमंत नायिकेच्या दिवाणखान्यात असायची ती. गावात होती ती पेटी, भजनातली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दोन्हीकडे सारख्याच, पण आतली तऱ्हा वेगळी. पेटीचा सूर भाता हलतो तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर पडते आणि सूर त्याच क्षणापासून विरायला लागतो. पियानोसाठी रचना करणाऱ्याला हे विरणं धरूनच रचावं लागतं.

आज एखादी पियानोवादक आपल्याच दोन-तीन मिनिटांच्या रचना वाजवते, त्याआधी "ही मला अशी सुचली" म्हणून चार वाक्यं सांगते. किती साधी गोष्ट, नाही का? पण हे "ही माझी" म्हणणं किती महाग होतं, ते फॅनी मेंडेल्सनबद्दल वाचताना कळलं.

फॅनीचा जन्म 1805 सालचा, हॅम्बुर्गचा. प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन हा तिचा धाकटा भाऊ. दोघांचं शिक्षण एकाच घरात, एकाच गुरूंकडे. तेराव्या वर्षी तिने बाखची चोवीस प्रील्यूड्स वडिलांना न बघता वाजवून दाखवली होती. त्याच वडिलांनी 1820 मध्ये तिला पत्रातून समजावलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. म्हणजे वाजव, घरात वाजव, पाहुण्यांपुढेही वाजव. नाव मात्र नको.

मग तिच्या गाण्यांचं काय झालं? 1827 आणि 1830 मध्ये फेलिक्सच्या गाण्यांचे दोन संग्रह निघाले, त्यांत तिची सहा गाणी होती, त्याच्या नावावर. 1842 मध्ये तो लंडनला व्हिक्टोरिया राणीला भेटला. राणीने त्याच्या संग्रहातलं आवडतं गाणं गाऊन दाखवलं, आणि ते नेमकं फॅनीचं निघालं! त्याने तसं कबूलही केलं. फेलिक्स काही खलनायक नव्हता. बहिणीच्या मताला तो फार मान द्यायचा. पण तिने आपल्या रचना छापाव्यात हे त्याला पटत नव्हतं.

तिची मला सगळ्यात आवडती रचना 1841 सालची. नाव 'दास यार', म्हणजे 'वर्ष'. बारा महिन्यांचे बारा छोटे पियानो-तुकडे आणि शेवटी एक लहानसा समारोप. आपल्या बारामास्यासारखीच कल्पना म्हणा ना! फेब्रुवारीत कार्निव्हलची धावपळ, डिसेंबरात नाताळचं भजन. तिने त्याची सुबक प्रत रंगीत कागदांवर केली, प्रत्येक महिन्याला कवितेच्या ओळी घातल्या आणि नवऱ्याने, चित्रकार विल्हेल्म हेन्सेलने, चित्रं काढली. इतकं देखणं वर्ष घरातच राहिलं. ते पूर्ण छापलं गेलं 1989 मध्ये.

1846 मध्ये, चाळिशी गाठल्यावर, तिने फेलिक्सला कळवलं की आता मी छापणार. त्यानेही उशिरा का होईना, शुभेच्छा दिल्या. तिच्या स्वतःच्या नावाने गाणी आणि पियानोचे तुकडे बाहेर पडले. पुढच्या वर्षी, 14 मे 1847 ला, घरच्या मैफलीची तालीम चालू असताना तिला झटका आला आणि ती गेली. जेमतेम एक वर्ष मिळालं.

आणि तिची 'ईस्टर सोनाटा'? हस्तलिखितावर नुसतं 'एफ. मेंडेल्सन'. लोकांनी फेलिक्स धरला. 2010 मध्ये अभ्यासक अँजेला मेस यांनी ती फॅनीची असल्याचं सिद्ध केलं, आणि 8 मार्च 2017 ला लंडनमध्ये ती तिच्या नावाने वाजली. एका अक्षराचा घोळ!

हे झालं तिकडचं. आपल्याकडे खुर्शीद होमजींनी 1935 मध्ये बॉम्बे टॉकीजच्या 'जवानी की हवा'ला संगीत दिलं, तेव्हा पारशी समाजातून विरोध झाला. म्हणून त्या 'सरस्वती देवी' झाल्या. 'अछूत कन्या'ची गाणी त्यांचीच. लताबाईंनीही 1963 च्या 'मोहित्यांची मंजुळा'पासून मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने. कारणं प्रत्येकीची निराळी, पण गाणारीचं नाव मोठं आणि रचणारीचं झाकलेलं, हे आहेच.

आणि तरी आपल्या मराठवाड्यातल्या, गंगाखेडच्या जनाबाईने सुमारे सातशे वर्षांपूर्वी हा प्रश्न सोडवला होता असं मला वाटतं. नामदेवांच्या घरची ती दासी. पण अभंगाच्या शेवटी तिची नाममुद्रा असते. वरच्या पानावरची सही बदलता येते, 'एफ.'चा अर्थ हवा तसा लावता येतो. मुद्रा मात्र गाण्यातच विणलेली. गाणाऱ्याला तिचं नाव घेतल्याशिवाय अभंग पुरा करता येत नाही. आता ती मुद्राही बहुतेक वेळा "नामयाची जनी" अशी, म्हणजे मालकाच्या नावासकट, हेही खरं. शिवाय जिने मुद्रा घातली नाही तिचं काय? आमच्याकडे जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या आज्या-पणज्यांपैकी किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

म्हणून एखादी बाई दोन मिनिटांचा तुकडा वाजवण्याआधी "हा माझा" म्हणते, ते मला मिरवणं वाटत नाही. पियानोचा सूर विरणारच आहे, निदान कुणी रचला ते तरी मागे राहू दे.

असो. 'दास यार' जरूर ऐका मंडळी. ज्याने त्याने आपापल्या जन्ममहिन्यापासून सुरुवात करावी, आणि कुणी विचारलं तर फॅनीचं पूर्ण नाव सांगावं : फॅनी मेंडेल्सन हेन्सेल.