फ्रॅटर्निटी फाउंडेशन

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे घेतलेल्या विद्यार्थी संघटना असतात. मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी, मुलींच्या संघटनेला सोरोरिटी म्हणतात. सभासदत्व आयुष्यभराचे असते आणि माजी सभासदच मोठे देणगीदार ठरतात. मात्र त्यांची देणगी बहुधा फ्रॅटर्निटीकडे जात नाही. ती जाते तिच्याच नावाच्या वेगळ्या धर्मादाय संस्थेकडे, म्हणजे फाउंडेशनकडे.

याचे कारण करकायद्यात आहे. फ्रॅटर्निटीची नोंदणी सहसा कलम ५०१(सी)(७) खाली, सामाजिक क्लब म्हणून होते. क्लबला दिलेल्या देणगीवर करवजावट मिळत नाही. ५०१(सी)(३) खालील फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर ती मिळते. आपल्याकडच्या ८०जीसारखीच ही सोय. अट अशी की पैसा शैक्षणिक किंवा धर्मादाय कामासाठीच खर्च व्हावा. म्हणून शिष्यवृत्त्या आणि नेतृत्व शिबिरे हीच फाउंडेशनची मुख्य कामे झाली. शिबिरातील शिकवण्याचा खर्च चालतो, मौजमजेचा नाही.

खरी ओढाताण घरावरून होते. सभासद राहतात त्या इमारतीत अभ्यासिका किंवा ग्रंथालयासाठी फाउंडेशन पैसे देऊ शकते, पण झोपण्याच्या खोल्यांसाठी आणि करमणुकीच्या दालनासाठी नाही. ही मर्यादा सैल करणारे ‘कॉलेजिएट हाउसिंग अँड इन्फ्रास्ट्रक्चर ॲक्ट’ हे विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले गेले. जुन्या घरांत आग विझवणारे स्प्रिंकलर बसवता येतील, हा समर्थकांचा मुद्दा. खासगी क्लबच्या घरांना करदात्यांनी का पोसावे, हा विरोधकांचा सवाल. दोन्हींत तथ्य आहे.

नेतृत्व शिबिरांचा उपयोग किती, हा आणखी अवघड प्रश्न. सिग्मा अल्फा एप्सिलॉन ही फ्रॅटर्निटी १९३५ पासून असे शिबिर भरवते. तरीही नवागतांच्या छळामुळे (तिकडे त्याला हेझिंग म्हणतात, आपले रॅगिंग त्याच जातीचे) आणि अतिमद्यपानामुळे तिच्या शाखांत अनेक विद्यार्थी दगावले. अखेर २०१४ मध्ये तिने नवागतांचा उमेदवारीचा काळच रद्द केला. शिबिराला शाखेतले मोजके पदाधिकारी जातात. छळ होतो तो घरात, रात्री.

सगळ्याच संघटनांचा इतिहास असा नाही. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेल्या अल्फा फाय अल्फा या कृष्णवर्णीयांच्या फ्रॅटर्निटीने वॉशिंग्टनमधील मार्टिन ल्यूथर किंग स्मारकाची कल्पना मांडून ती पाठपुराव्याने तडीस नेली. किंग स्वतः तिचे सभासद होते. स्मारक २०११ मध्ये खुले झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार महाविद्यालयांना अशा घटनांची आकडेवारी आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावे जाहीर करावी लागतात. देणगीदारालाही ती वाचता येतात.