ईएसजीच्या तक्त्यात जात कुठे आहे?

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धाग्याला तोंड लावावे लागे आणि सवर्ण कामगार विटाळ मानत. १९२८ च्या संपात हा अन्याय दूर करण्याचा आग्रह बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांकडे धरला.

आज सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण, समाज आणि कारभार, म्हणजेच ईएसजीचा अहवाल द्यावा लागतो. त्यातल्या कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात स्त्री-पुरुष आणि दिव्यांग मोजले जातात. जात मोजली जात नाही. कंपन्यांना सुधारणेचा सल्ला देणाऱ्यांना आम्ही विचारतो, बंद खात्याचे दार न तपासता ही सुधारणा कसली? कोणत्या पदावर कोणत्या जातीची माणसे आहेत, ते आधी मोजा; मगच स्वतःला 'सामाजिक' म्हणवा.

जय भीम!