निद्रा-श्वसनरोधावरील उपचार आणि हृदयाची अनियमित लय

निद्रा-श्वसनरोध (स्लीप अ‍ॅप्निया) हा झोपेत श्वास वारंवार, प्रत्येक वेळी किमान १० सेकंद, थांबण्याचा विकार होय. घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटल्यास त्यास अवरोधी निद्रा-श्वसनरोध म्हणतात. मोठ्याने घोरणे, मध्येच स्तब्धता, मग गुदमरून जाग येणे आणि दिवसा झापड येणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत. घोरणाऱ्यास गाढ झोप लागली आहे, हा घरोघरचा समज त्यामुळे फसवा ठरू शकतो. अशा रुग्णांत हृदयाच्या अनियमित लयीचा विकार, विशेषतः अलिंद-कंपन (एट्रियल फिब्रिलेशन), अधिक प्रमाणात आढळतो.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतील श्वसनात बिघाड आढळला. दिवसा झापड येण्यासह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांत होता.

हृदयाशी संबंध

श्वासमार्ग मिटलेला असतानाही छाती श्वास ओढण्याची धडपड करते. त्यामुळे छातीतील दाब घटतो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, पातळ भिंती ताणल्या जातात. रक्तातील ऑक्सिजन उतरतो, ठोके मंदावतात. श्वास सुटताच ठोके व रक्तदाब एकदम चढतात. हे चक्र वर्षानुवर्षे चालल्यास अलिंदांचा आकार वाढतो आणि विद्युत्-संदेशांची वाट विस्कळीत होते.

उपचार आणि त्यांचा परिणाम

पूर्वी गंभीर रुग्णाच्या श्वासनलिकेस छेद देणे हाच खात्रीचा इलाज होता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी मुखवट्यातून सतत दाबाने हवा देणारी पद्धत (सीपॅप) मांडली. तिने श्वासमार्ग उघडा राहतो आणि दिवसाची झापड कमी होते, याविषयी दुमत नाही.

हृदयाच्या लयीबाबत मात्र चित्र इतके स्पष्ट नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००३ मधील अभ्यासात, विद्युत्-धक्क्याने लय सुधारल्यानंतर १२ महिन्यांत श्वसनरोधावर उपचार न घेतलेल्या ८२ टक्के रुग्णांत अलिंद-कंपन परतले; उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होते. हे आकडे आजही वारंवार सांगितले जातात. पण दोन्ही गट मिळून रुग्ण जेमतेम ३९ होते आणि गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिकपणे पाडलेले नव्हते. नियमाने यंत्र वापरणारा रुग्ण औषधे व पथ्यही नियमाने पाळत असण्याचा संभव असतो. पुढे नॉर्वेत यादृच्छिक गट पाडून झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाच महिन्यांच्या सीपॅपने अलिंद-कंपन कमी झाल्याचे दिसले नाही. भारतासह सात देशांत २,७१७ हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या रुग्णांवर झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीतही (२०१६) हृदयविकाराचे झटके व पक्षाघात घटले नाहीत. मात्र यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला होता.

म्हणून सीपॅप हा लयविकाराच्या उपचारास पर्याय मानला जात नाही. अलिंद-कंपनात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. तो टाळण्यासाठी दिलेली रक्त पातळ करणारी औषधे, झोप सुधारली तरी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करता येत नाहीत. स्थूल रुग्णांत वजन घटवल्यास श्वसनरोध व अलिंद-कंपन दोन्ही कमी होऊ शकतात.