बार भरण्याची विद्या : ठासणीच्या बंदुकीपासून बोल्टच्या रायफलीपर्यंत

१/१२
मराठीत 'बार' म्हणजे बंदुकीत भरलेली दारू-गोळी, आणि ती उडाल्याचा आवाज म्हणजेही बारच. 'बार फुसका निघाला' असे आज आपण निवडणुकीविषयीही म्हणतो. मात्र वाघासमोर उभ्या असलेल्या शिकाऱ्याचा बार फुसका निघाला, तर दुसरा भरण्यास अवधी नसे. त्या बाराचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
प्रारंभ बीडजवळच्या कपिलधारपासून करू. बालाघाटच्या रांगेतील धबधब्याचे हे स्थान मन्मथस्वामींच्या समाधीमुळे व कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. येथील भूरचना पाहा : खाली झाडीची दरी, वर उघडा माळ. दरीत जनावर काही पावलांवर उभे ठाकते, तर माळावर काळवीट दुरूनच सावध होते. दोहोंना एकच बार पुरत नाही.

३/१२
तोड्याच्या बंदुकीत बार शिकाऱ्याने स्वतःच भरायचा. सोरा, गंधक व कोळसा यांची दारू मापाने नळीत ओतायची, वर गोळी ठेवून गजाने ठासायची, कानाजवळ रंजक घालायची आणि पेटती जामगी टेकवायची. दारू दमट असेल वा ठासणे सैल राहिले, तर बार नुसता फुसफुसे. प्रत्येक बंदुकीचे माप निराळे आणि ते तिच्या धन्यालाच ठाऊक असे.

४/१२
२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील अधिकारी जॉन स्मिथ निजामाच्या मुलखात वाघाच्या शिकारीस गेला आणि त्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेले नाव आजही आहे. त्या काळी चकमकीच्या बंदुका रूढ होत्या. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचे पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले होते. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली आणि पावसातही बार उडू लागला.

५/१२
याच आडनावाचा दुसरा मनुष्य आपल्या अधिक जवळचा आहे. कॅप्टन जेम्स फोर्साइथ मध्य प्रांतात नोकरीस होता आणि सातपुड्याची जंगले त्याने पायाखाली घातली होती. १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. बार कसा निवडावा, हाच त्याचा गाभा.

६/१२
त्याचा युक्तिवाद असा : जंगलात अंतर मोजण्यास सवड नसते, म्हणून गोळी शक्य तितकी सरळ जावी. त्यासाठी दारू भरपूर हवी. परंतु नळीतील आटे तीव्र पिळाचे असतील, तर जोराने सुटलेली वाटोळी गोळी त्यांत न फिरता घसरते. म्हणून पीळ अगदी मंद ठेवावा. दारू, गोळी आणि नळी यांचा विचार एकत्र करावा, हे तत्त्व त्याने अनुभवातून मांडले.

७/१२
फौजेची गरज उलट होती. हजारो शिपायांचा बार एकसारखा हवा, म्हणून तो कागदात बांधून आला. १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसात अडीच ड्रॅम दारू असे. त्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. बार आता शिकाऱ्याच्या हातातून कारखान्याकडे जाऊ लागला.

८/१२
१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने धूररहित दारू सिद्ध केली. १८८९ मध्ये ब्रिटिशांचे कॉर्डाइट आले. काळी दारू थोडी अधिक पडली, तर धूर व धक्का वाढे. नवी दारू तितकी क्षमाशील नव्हती. मापातील लहानशी चूकही रायफल फोडू शके. त्यातच कॉर्डाइटचा दाब उष्णतेने वाढतो. म्हणून हिंदुस्थानसारख्या देशांकरिता विलायती कारखाने कमी दारूची 'ट्रॉपिकल' काडतुसे काढीत.

९/१२
१८९८ च्या माउझरने बोल्टची रायफल परिपूर्ण केली. परदेशांत हौशी शिकारी आजही अशा रायफलीसाठी काडतुसे स्वतः भरतात. रीत अशी : छापील कोष्टकातील कमी मापापासून आरंभ, दारू तराजूवर तोलून अत्यल्प वाढ, प्रत्येक टप्प्याला टोपी व पितळी कवच यांची तपासणी. टोपी चपटी झाली वा बोल्ट जड उघडला, की तेथेच थांबायचे. सर्वांत वेगवान बार शोधायचा नसतो. गोळ्या एकाच जागी जवळजवळ लागतील असा शोधायचा असतो, कारण सैल नेमाने जनावर मरत नाही, जखमी होऊन तळमळते.

१०/१२
सरकारला मात्र या विद्येचे भय वाटे. १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० व्यासाच्या रायफलींवर येथे बंदी आली. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना चालणाऱ्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडू नयेत, हा हेतू. त्यामुळे विलायती कारागिरांना .४७० सारखी नवी काडतुसे घडवावी लागली.

११/१२
बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सहावा निजाम महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी विख्यात होता आणि राजा दीनदयाळ यांच्या छायाचित्रांत तो शिकारी थाट आजही दिसतो. हत्ती, हाकारे, उत्तम रायफली सारे त्यात आहे. झाडीतून हाका देत पायी येणाऱ्या माणसाच्या हाती मात्र बहुधा काठीच असे. बार कोणाच्या हाती असावा, हे सत्तेने ठरविले होते.

१२/१२
स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्यान्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही संपविली. आज कपिलधारपासून जवळच, पाटोदा तालुक्यात, नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तेथील माळावर आता मोरांचे केकारव ऐकू येतात. बाराची विद्या आपल्याकडे उरली आहे ती संग्रहालयांतील गजांत, दारूच्या शिंगांत आणि आपल्या भाषेत. आपल्या गावाकडे या विद्येचे आणखी कोणते शब्द रूढ आहेत, ते अवश्य कळवा. (समाप्त)