अथेन्सचें दुसरें जहाज

प्राचीन ग्रीस हें एक राज्य नव्हतें. डोंगरांनीं व समुद्रानें विभागलेलीं तीं शेंकडों नगरराज्यें होतीं. स्पार्टांत २ राजे, २८ वृद्धांचें मंडळ व दरसाल निवडलेले ५ एफोर कारभार पाहत. अथेन्समध्यें नागरिकांची सभा सर्वाधिकारी असे. स्त्रिया, गुलाम व परके यांना मात्र तींत मत नव्हतें. इ. स. पूर्व ४३१ मध्यें या दोन नगरांत पेटलेलें युद्ध २७ वर्षें धुमसत राहिलें. त्यांतील एक प्रसंग मी वर्गांत दरवर्षीं सांगत असें.

लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी हें नगर अथेन्सचें मित्र होतें. इ. स. पूर्व ४२८ मध्यें तें उलटलें व पुढील वर्षीं उपासमारीनें शरण आलें. संतप्त सभेनें ठराव केला कीं, तेथील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारावें व बायकामुलांस गुलाम करावें. हुकूम घेऊन जहाज निघालेंहि.

रात्र सरली आणि लोकांचीं मनें कचरलीं. दुसऱ्या दिवशीं सभा पुन्हा भरली. दया साम्राज्यास घातक आहे, असें क्लेऑननें बजाविलें. डायोडोटसनें दयेचा आधार घेतला नाहीं. शरण येऊनहि मरणच असेल तर प्रत्येक बंडखोर नगर शेवटपर्यंत लढेल व त्यांत तोटा आपलाच, एवढेंच त्यानें दाखविलें. थोडक्या मतांनीं त्याची सरशी झाली.

लागलीच दुसरें जहाज सुटलें. पहिलें सुमारें एक अहोरात्र पुढें होतें. वल्हेकऱ्यांनीं मद्यांत व तेलांत कालविलेलें जवाचें पीठ वल्हीं मारतां मारतांच खाल्लें. झोंप पाळीपाळीनें घेतली. सेनापति पहिला हुकूम वाचून अंमलांत आणणार, तोंच तें पोहोंचलें. बंडाचे पुढारी मारले गेले, पण नगर वांचलें.

पुढें ४१६ मध्यें अथेन्सनें मेलॉस हें लहानसें बेट जिंकलें. पुरुष मारले, बायकामुलें गुलाम केलीं. तेथें दुसरें जहाज गेलें नाहीं. ४०५ मध्यें अथेन्सचें आरमार शत्रूच्या हातीं पडल्याची बातमी आली, त्या रात्रीं नगरांत कोणी झोंपलें नाहीं. मेलॉसची गत आपली होणार, हीच सर्वांची भीति! पुढील वर्षीं अथेन्स शरण गेलें. कॉरिंथ व थीब्झ त्याचा विध्वंस मागत होते. तो नाकारला स्पार्टानें.

लोकांची सभा चुकत नाहीं, असें कोणी समजूं नये. चुकीचा ठराव दुसऱ्या दिवशीं पुन्हा विचारांत घेण्याइतकें मन मोकळें असणें, हेंच तिचें खरें बळ. तें बळ अथेन्सनें एकदां दाखविलें आणि पुढें गमावलें.