फिनिअस गेज : मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासातील एका पुराव्याची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

मानवी वर्तनाचे मूळ मेंदूच्या रचनेत शोधण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे कोणतेही साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे अपघात, आजार आणि शवविच्छेदन हेच ज्ञानाचे मार्ग होते. या मार्गाने आलेल्या रुग्णवृत्तांतांमध्ये फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाचा वृत्तांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो सहसा ठरावीक स्वरूपात येतो. मेंदूच्या अग्रखंडाला इजा झाली, सज्जन माणूस बेजबाबदार व शिवराळ बनला आणि त्याचे उर्वरित आयुष्य वाया गेले, असे या कथेचे सार असते. या कथेला मूळ साधनांचा कितपत आधार आहे आणि वेगवेगळ्या काळातील अभ्यासकांनी तिचा उपयोग कसा केला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अपघात व उपचार :

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. पंचवीस वर्षांचा गेज सुरुंग लावणाऱ्या टोळीचा मुकादम होता. खडकात पाडलेल्या छिद्रात दारू व वात घालावयाची, वर वाळू टाकावयाची आणि मग लोखंडी पहारेने ती ठासावयाची, अशी कामाची रीत होती. त्या दिवशी वाळू पडण्यापूर्वीच पहार छिद्रात गेली, खडकावर घासून ठिणगी उडाली आणि दारूचा स्फोट झाला. सुमारे १.१ मीटर लांब, ३ सेंटिमीटरहून थोडी अधिक जाड आणि ६ किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालाखालून शिरून कवटीच्या वरच्या भागातून बाहेर पडली.

गेज काही मिनिटांतच बोलू लागला आणि बैलगाडीत बसून गावात आला. गावातील डॉक्टर जॉन मार्टिन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले. पुढे जखम चिघळली, गळू झाले आणि काही दिवस तो गुंगीत होता. तरीही सुमारे दहा आठवड्यांनी तो न्यू हॅम्पशायरमधील आपल्या घरी परतला. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र कायमची गेली.

परस्परविरोधी दोन साक्षी :

गेजविषयीच्या पहिल्या वैद्यकीय लेखनात त्याच्या स्वभावाची चर्चा फारशी नाही. हार्लो यांनी डिसेंबर १८४८ मध्ये बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात जो वृत्तांत दिला, त्यात मानसिक बदलांचा विषय पुढील लेखनासाठी राखून ठेवला होता. त्यानंतर हार्वर्ड येथील शस्त्रक्रियेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांनी गेजला बॉस्टन येथे बोलावून तपासले आणि १८५० मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. गेज शरीराने व बुद्धीने पूर्ववत झाला आहे, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या जखमेतून माणूस वाचतो, हेच त्यांच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व होते.

याउलट हार्लो यांनी १८६८ मध्ये मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात वेगळेच चित्र रेखाटले. अपघातापूर्वी गेज कर्तबगार, चिकाटीचा आणि व्यवहारी होता. अपघातानंतर तो लहरी व अधीर झाला, शिवीगाळ करू लागला, अनेक बेत आखून ते लगेच सोडून देऊ लागला, आणि मित्रांना तो पूर्वीचा गेज वाटेनासा झाला. रेल्वेच्या कंत्राटदारांनीही त्याला मुकादमाच्या जागी परत घेतले नाही. व्यक्तिमत्त्वातील बदलाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणून पुढे हेच वर्णन वापरले गेले. मात्र हे वर्णन काही मोजक्या वाक्यांचे आहे. पाठ्यपुस्तकांतून अधूनमधून आढळणारे दारूचे व्यसन, अप्रामाणिकपणा किंवा आयुष्यभराची बेकारी यांचा त्यात मागमूस नाही. बुद्धी आणि पाशवी प्रवृत्ती यांच्यातील समतोल ढळला, ही हार्लो यांची मांडणीही तत्कालीन फ्रेनॉलॉजीच्या, म्हणजे कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येच्या, परिभाषेशी जुळणारी आहे.

मज्जाशास्त्रीय वादातील स्थान :

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन मते परस्परांविरुद्ध उभी होती. फ्रान्झ गाल यांच्या परंपरेतील अभ्यासक प्रत्येक मानसिक शक्तीला मेंदूत स्वतंत्र जागा देत. पक्ष्यांवर प्रयोग करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुरां मात्र मेंदूचे गोलार्ध एकसंधपणे कार्य करतात, असे प्रतिपादन करीत. १८६१ मध्ये पॅरिसचे पॉल ब्रोका यांनी वाचा गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे शवविच्छेदन करून डाव्या अग्रखंडातील दोष दाखविला. १८७० मध्ये जर्मनीत फ्रिच व हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागास विजेची चेतना देऊन अवयवांची हालचाल घडवून आणली. या घटनांमुळे स्थानीकरणाच्या विचाराला बळकटी आली.

अशा वातावरणात गेजचा वृत्तांत दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडला. स्थानीकरणाचे विरोधक बिगेलो यांचा आधार घेत आणि एवढा भाग नष्ट होऊनही काही बिघडले नाही, असे म्हणत. लंडनचे डेव्हिड फेरियर यांनी १८७८ मधील गोल्स्टोनियन व्याख्यानांत हार्लो यांच्या निबंधाकडे लक्ष वेधले. माकडांच्या अग्रखंडावरील त्यांच्या प्रयोगांत पक्षाघात किंवा संवेदनानाश आढळला नव्हता, मात्र वागणुकीत बदल दिसला होता. गेजचे उदाहरण या निष्कर्षाशी जुळत असल्याने स्थानीकरणाच्या बाजूचा पुरावा म्हणून ते रूढ झाले.

येथे ब्रोका यांच्या रुग्णाशी तुलना उद्बोधक ठरते. त्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर लगेच तपासला गेला आणि जतनही करण्यात आला. गेज मे १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनंतर सॅन फ्रान्सिस्को परिसरात मरण पावला, तेव्हा त्याच्या मेंदूची तपासणी झाली नाही. हार्लो यांच्या विनंतीवरून १८६७ मध्ये कुटुंबीयांनी दफन उकरून कवटी व पहार त्यांच्याकडे पाठविली. या दोन्ही वस्तू आज हार्वर्डच्या वॉरेन शरीरशास्त्र संग्रहालयात आहेत. त्यामुळे गेजच्या मेंदूविषयीचे प्रत्येक विधान हे कवटीवरून काढलेले अनुमान आहे. १९९४ मध्ये हॅना दमासियो व सहकाऱ्यांनी संगणकीय पुनर्रचनेतून दोन्ही अग्रखंडांना इजा झाल्याचे मांडले, तर २००४ मधील दुसऱ्या अभ्यासाने ती डाव्या बाजूपुरती मर्यादित ठरविली. २०१२ मध्ये व्हॅन हॉर्न व सहकाऱ्यांनी मेंदूच्या बाह्यकाचा सुमारे ४ टक्के आणि श्वेतद्रव्याचा सुमारे ११ टक्के भाग बाधित झाल्याचा अंदाज वर्तविला. साधने अधिक सूक्ष्म झाली, तरी मूळ मेंदूची उणीव त्यांना भरून काढता आलेली नाही.

दुर्लक्षित उत्तरायुष्य :

गेजच्या आयुष्याची पुढील अकरा वर्षे प्रचलित कथेत जवळजवळ लुप्त होतात. काही काळ त्याने आपल्या पहारेसह स्वतःचे प्रदर्शन केले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. परंतु त्यानंतर त्याने न्यू हॅम्पशायरमधील एका तबेल्यात सुमारे दीड वर्ष नोकरी केली आणि १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला, हे क्वचितच सांगितले जाते. तेथे वाल्पाराइसो ते सँतियागो या मार्गावर प्रवाशांनी भरलेली सहा घोड्यांची गाडी हाकण्याचे काम त्याने केले. सहा घोड्यांचे लगाम सांभाळणे, वेळापत्रक पाळणे, परक्या भाषेच्या मुलखात प्रवाशांशी वागणे, या गोष्टी संयम व पूर्वनियोजन यांवाचून शक्य नाहीत. प्रकृती ढासळल्यावर १८५९ मध्ये तो कॅलिफोर्नियात आईकडे आला. तो भाच्यांना रंजक गोष्टी सांगे आणि त्याला मुलांचा व जनावरांचा लळा होता, ही माहिती खुद्द हार्लो यांनीच त्याच्या आईकडून मिळवून नोंदविली आहे.

ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ माल्कम मॅकमिलन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूळ साधनांची काटेकोर छाननी केली. पुढे २०१० मधील सहलेखनात त्यांनी गेजच्या सामाजिक पुनर्वसनाची शक्यता मांडली. गेजला चिलीत पाहिलेल्या एका अमेरिकन डॉक्टरची, त्याच्या बुद्धीत कोणताही दोष नव्हता अशी साक्षही त्यात नमूद आहे. त्याआधी २००९ मध्ये एका खासगी संग्रहातील धातूच्या पत्र्यावरील जुने छायाचित्र गेजचे असल्याची ओळख पटली होती. हातात पहार धरून बसलेला हा नीटनेटका तरुण कायमच्या अधःपतनाच्या कथेशी जुळत नाही. अर्थात एका छायाचित्रावरून स्वभावाचा निर्वाळा देणे, ही जुन्याच दोषाची पुनरावृत्ती ठरेल. हार्लो यांचे वर्णन खोटे होते, असेही म्हणता येत नाही. ते मुख्यत्वे अपघातानंतरच्या नजीकच्या काळाचे असावे आणि पुढील वर्षांत नियमित कामाच्या शिस्तीने गेज बऱ्याच अंशी सावरला असावा, हा अर्थ उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत वाटतो.

समारोप :

मेंदूच्या अग्रखंडाचा नियोजन, संयम व सामाजिक वर्तन यांच्याशी संबंध आहे, हे विसाव्या शतकातील असंख्य रुग्णांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. हे तत्त्व गेजच्या एकट्या वृत्तांतावर उभे नाही. त्यामुळे त्या वृत्तांताची चिकित्सा केल्याने तत्त्वाला बाध येत नाही. मात्र वर्गात ही कथा कशी सांगितली जाते, याला महत्त्व आहे. इजा झाली की माणूस कायमचा बदलतो आणि त्याला परतीची वाट नसते, असा संस्कार विद्यार्थ्यांवर झाल्यास मेंदूच्या इजेतून सावरणाऱ्या रुग्णांकडे समाज त्याच नजरेने पाहील. पुनर्वसनाचे प्रयत्नही मग निरर्थक ठरविले जातील. म्हणून गेजचा वृत्तांत शिकविताना १८५० व १८६८ या वर्षांतील दोन्ही साक्षी आणि चिलीतील वर्षे विद्यार्थ्यांपुढे एकत्र ठेवणे आवश्यक आहे. मज्जासंस्था वर्तनाला आकार देते, परंतु काळ, काम आणि माणसांचा सहवास यांचाही त्यात वाटा असतो, हे गेजच्या आयुष्याच्या उत्तरार्धावरून ध्यानात येते.