झोळीची लाज, कॅरिअरची ऐट

मराठीत म्हण आहे, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा.' उर्दूत याच अर्थाची म्हण आहे, 'बग़ल में बच्चा, शहर में ढिंढोरा.' मराठी बाई कळसा विसरते, उर्दूवाली चक्क लेकरू विसरते. वर्गात या दोन्ही म्हणी एकत्र शिकवल्या की मुलं खदखदून हसतात. हसू ओसरलं की मी त्यांना विचारते, बाई विसरली का? कारण तिच्या अंगावर ओझं आहे आणि डोक्यात दहा कामं आहेत. बाळ अंगाशी घेऊन काम करणारी बाई इतकी रोजची होती की तिची म्हण झाली.

हे आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. तिला नुकतीच मुलगी झाली. चिल्ला, म्हणजे बाळंतपणाचे चाळीस दिवस संपत आले तसा तिचा प्रश्न आला, ''खाला, एवढ्याशा बाळासाठी स्लिंग घ्यावा की कॅरिअर?'' तिला हात मोकळे हवे आहेत. नवऱ्याला किंमत जास्त वाटते. सासूबाईंचं म्हणणं आणखी वेगळं आहे. ''मजुरीवर जाणाऱ्या बायकांसारखं लेकरू बांधून फिरायचं का?''

हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. किमतीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न बाजारात आणि दवाखान्यात सुटतो. लाजेचा प्रश्न सोडवायला मात्र इतिहासात जावं लागतं.

शिंपल्यांची झोळी

कापड, कातडं, वेलींची जाळी जमिनीत कुजून जातात. त्यामुळे दगडी हत्यारं जशी सापडतात, तशी झोळी सापडत नाही. पण इटलीच्या लिगुरिया भागात आर्मा वेइराना नावाची गुहा आहे. तिथे २०१७ मध्ये सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचं एका तान्ह्या मुलीचं दफन सापडलं. वय अवघं चाळीस ते पन्नास दिवसांचं. तिच्या अंगाभोवती शिंपल्यांचे साठहून जास्त मणी होते. मणी वापरून झिजलेले होते, आणि पन्नास दिवसांच्या आयुष्यात मणी इतके झिजत नाहीत. २०२२ मध्ये संशोधकांनी मांडलं की हे मणी बहुधा तिला वाहून नेण्याच्या झोळीवर शिवलेले असावेत आणि त्याआधी ते इतरांनी वापरलेले असावेत.

म्हणजे दहा हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या लेकीच्या झोळीला जुने, जपून ठेवलेले मणी लावले होते. यात लाजेची गोष्ट कुठे दिसते?

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ टिमोथी टेलर यांनी २०१० मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात तर असं मांडलं की झोळी हे माणसाच्या अगदी सुरुवातीच्या साधनांपैकी एक असावं. माकडाचं पिल्लू आईच्या केसांना धरून लटकतं. दोन पायांवर चालणाऱ्या, अंगावर केस नसलेल्या आईला तशी सोय नव्हती. हे अनुमान आहे, पण विचार करायला लावणारं आहे.

अब्दुल्लाचा माल

आता जवळच्या काळात येऊ. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासा आणि झांझिबारमध्ये, बायका 'कांगा' नावाचं छापील सुती कापड नेसतात, डोक्यावर घेतात आणि त्यातच मूल पाठीशी बांधतात. या कापडाच्या इतिहासात आपल्याकडचा एक माणूस आहे. कादरदिना हाजी इस्साक हा भारतीय वंशाचा मुस्लीम व्यापारी. मोंबासातलं त्याचं दुकान १८८७ पासूनचं. लोक त्याला अब्दुल्ला म्हणत आणि त्याच्या कांग्यांवर छाप असे, 'माली या अब्दुल्ला'. स्वाहिलीतला 'माली' आणि आपला 'माल' हे दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं. कांग्यावर स्वाहिली म्हणी छापायची चाल त्याच्यापासून पसरली असं मानतात. त्या काळी हे कांगे भारतातही छापून जहाजाने तिकडे जात.

उत्तर नायजेरियातल्या हौसा समाजात बाळ पाठीवर बांधण्याला 'गोयो' असा स्वतंत्र शब्द आहे. जावा बेटावर बाटिकच्या लांब कापडात बाळ कमरेशी बांधतात. युनेस्कोने २००९ मध्ये इंडोनेशियाच्या बाटिकला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा बाळाला भाग्य लाभावं म्हणून शुभचिन्हं काढलेल्या या झोळ्यांचा खास उल्लेख केला. मोंबासा, हौसा प्रदेश, जावा या सगळ्या ठिकाणी मुसलमान वस्ती मोठी आहे. तिथे पाठीशी बांधलेलं बाळ हे गरिबीचं लक्षण नाही, रोजचा रिवाज आहे.

लाज आली कुठून?

आपल्याकडेही हा रिवाज आहे. झारखंडच्या आदिवासी भागात मूल बांधायच्या कापडाला 'बेतरा' म्हणतात. महाराष्ट्रात जुन्या लुगड्याची झोळी घरात आढ्याला, शेतात झाडाला आणि उसाच्या फडात मिळेल त्या आधाराला टांगली जाते. ज्याला पाळणा परवडत नाही त्याचा पाळणा म्हणजे झोळी. याच शब्दाला भिकेची झोळीही चिकटलेली आहे. सासूबाईंच्या मनातली लाज इथून येते. ज्यांच्या अंगावर बाळ दिसतं, त्या बायका बांधकामावर विटा वाहतात, ऊस तोडतात, रस्त्यावर खडी फोडतात. हिणकस आपण ठरवली ती त्यांची मजुरी, आणि तिच्यासोबत त्यांच्या पाठीवरचं कापडही हिणकस ठरलं.

हेच कापड राणीच्या पाठीवर आलं की त्याचं शौर्य होतं. झाशीच्या राणीच्या पाठीशी बांधलेलं मूल आपण चित्रांत, पुतळ्यांत पाहत आलो. तिथे ते तान्हं किंवा अगदी लहान दाखवतात. प्रत्यक्षात दामोदररावांना नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक घेतलं तेव्हाच ते पाच वर्षांच्या आसपास होते. एप्रिल १८५८ मध्ये राणी झाशीतून बाहेर पडली तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे असणार. चित्रकारांनी त्यांचं वय कमी केलं, कारण पाठीवर बाळ बांधलेली आई लोकांच्या मनाला भिडते. म्हणजे हे चित्र आपल्याला आवडतं. फक्त ती आई राणी असावी लागते, मजूर नाही.

ही लाज एकट्या आपली नाही. युरोपातही बाळ कशात ठेवायचं हा ऐपतीचा प्रश्न झाला होता. १७३३ मध्ये विल्यम केंट यांनी ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. ती बकरीसारख्या लहान जनावराने ओढायची होती. एकोणिसाव्या शतकात मागून ढकलायची बाबागाडी आली आणि सुखवस्तू घराची खूण झाली. गाडी ढकलायलाही पगारी बाई असे. हिंदुस्थानातल्या इंग्रज घरांत हे काम आयाचं. 'आया' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. साहेबाची मुलं सांभाळत कित्येक आया जहाजाने विलायतेला गेल्या आणि काम संपल्यावर तिथेच अडकल्या. त्यांच्यासाठी लंडनच्या हॅकनी भागात वसतिगृह होतं. त्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिफलक लागला.

पुढे विद्वानांनीही भर घातली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या पुस्तकात आईबापांना बजावलं की मुलांना मिठ्या मारू नका, मांडीवर बसवू नका. 'सारखं उचललं तर अंगाला सवय लागते' हे वाक्य आपल्या घरांतही ऐकू येतं. १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हुन्झिकर आणि बार या डॉक्टरांनी ९९ मायलेकरांवर अभ्यास केला. ज्या बाळांना रोज जास्त वेळ, रडत नसतानाही, उचलून घेतलं, ती सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली.

टोगोहून डेन्व्हरला

झोळी पश्चिमेत परतली ती गरिबांच्या पाठीवरूनच. अ‍ॅन मूर ही अमेरिकी परिचारिका १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात पीस कोअरच्या कामासाठी गेली होती. तिथल्या आया बाळ पाठीशी बांधून सगळी कामं करतात आणि बाळं शांत असतात, हे तिने पाहिलं. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीला तसं बांधायला गेली तर बाळ घसरायला लागलं. मग तिच्या आईने तिला पट्टे असलेली पिशवी शिवून दिली. तिचं नाव पडलं 'स्नगली', आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट निघालं. जर्मनीत एरिका हॉफमन यांना जुळ्या मुली झाल्या. त्यांनी मेक्सिकन 'रेबोसो' शालीत त्यांना वाहिलं आणि १९७२ मध्ये तशा विणलेल्या पट्ट्यांचा उद्योग उभारला. स्वीडनच्या ब्योर्न याकोबसन यांचं कॅरिअर १९७३ चं.

पेटंट आणि ब्रँड यांची नोंद राहिली. टोगोच्या त्या आयांची नावं कुठेच नाहीत. आज तीच वस्तू काही हजार रुपयांना मॉलमध्ये मिळते आणि ती घालणारी आई आधुनिक समजली जाते.

कोलंबियातल्या बोगोटाची गोष्ट मात्र बाजाराची नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मोठ्या प्रसूतिगृहात इन्क्युबेटर अपुरे होते. डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी कापडाने बांधून ठेवायला सुरुवात केली. तीच आजची 'कांगारू पद्धत'. जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह पाच देशांतल्या, अगदी कमी वजनाच्या बाळांवर तो झाला होता. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्याने पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

निवडताना काय पाहायचं?

इतिहास लाज घालवतो, पण गाठ कशी मारायची ते सांगत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बांधणाऱ्या बायका ते आजीकडून शिकत. आपण दुकानातून आणतो, त्यामुळे आपल्याला ते वेगळं शिकावं लागतं. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने इशारा दिला, वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळं दगावली आणि त्यातली १२ चार महिन्यांपेक्षा लहान होती. त्यानंतर एका कंपनीला दहा लाख स्लिंग परत मागवावे लागले. ते बहुतेक पिशवीसारखे होते. त्यात बाळ वाकडं होऊन निजतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. एवढ्या लहान बाळाला मान उचलता येत नाही, ओरडताही येत नाही.

म्हणून नवजात बाळासाठी हे पाहावं. बाळ आडवं नको, उभं हवं, छातीशी घट्ट. तोंड आणि नाक सतत आपल्याला दिसायला हवं. मान झुकवली की कपाळाचा मुका घेता यावा, इतकं ते वर असावं. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटांची फट हवी. पाठीला पूर्ण आधार हवा. आपल्या घरांतल्या सवयीप्रमाणे एक गोष्ट जोडते. ऊन लागतं म्हणून किंवा दूध पाजताना ओढणी, बुरखा बाळाच्या तोंडावरून घेऊ नये. हवा अडते.

पाय सरळ लटकायला नकोत. गुडघे बुडापेक्षा थोडे वर आणि मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या हव्यात. जपानमध्ये तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून गुंडाळण्याची पद्धत होती. १९७५ पासून ती बंद करण्याची मोहीम निघाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण खूप घटलं. दुपट्यात गुंडाळतानाही पायांना मोकळं ठेवावं.

लेबलवरचं कमीत कमी वजन वाचावं. अनेक परदेशी कॅरिअर साडेतीन किलोच्या आसपास सुरू होतात. आपल्याकडे अडीच-पावणेतीन किलोचं बाळ सर्रास असतं. तेव्हा महागडा बकलवाला कॅरिअर दोन-तीन महिन्यांनी घ्यावा. सुरुवातीला हातमागाच्या पक्क्या सुती कापडाचा लांब पट्टा किंवा कड्यांचा स्लिंग बरा. तो खर्चातही बसतो आणि उन्हाळ्यात घामही शोषतो. बाळ दिवस न भरता झालं असेल किंवा वजन कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. आणि बाळ बांधलेलं असताना चुलीपाशी, गॅसपाशी उभं राहू नये, स्कूटरवर तर बसूच नये. स्लिंग म्हणजे अपघातातला पट्टा नव्हे.

कुणी उचलायचं?

हा सगळा इतिहास बायकांच्या पाठीचा आहे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. राणी, मजूर, आया, परिचारिका. पुरुष आला तो डॉक्टर म्हणून किंवा व्यापारी म्हणून.

पण आपल्या परंपरेत एक वेगळं उदाहरण आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत ते आहे. पैगंबर (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत होते. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत, उभं राहताना पुन्हा उचलून घेत. ज्या समाजात मुलगी जन्मली म्हणून बापाचा चेहरा काळवंडत असे, त्या समाजात भर नमाजेत आजोबांच्या खांद्यावर नात होती. ही हदीस आपल्याकडे तकरिरीत ऐकवली जाते. ती ऐकून घरी आलेले किती बाप लेकरू घेऊन बाजारात जातात?

म्हणून कॅरिअर घेताना माझा सल्ला असा. पट्टे बापाच्या अंगालाही बसतील असे निवडा आणि गाठ मारायला पहिल्यांदा त्यालाच शिकवा. रस्त्यात कुणी हसलं तर हसू द्या. आणि उसाच्या फडात किंवा बांधकामावर पाठीला बाळ बांधलेली बाई दिसली, तर तिला आधी सलाम करा. तिला हौस म्हणून हे करावं लागत नाही. पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तर बांधकामाच्या जागी पाळणाघर हवं, असं १९९६ च्या कायद्यात म्हटलं होतं. आपल्या गल्लीत इमारत उभी राहत असेल, तर तिथे ते आहे का, एवढं तरी विचारून बघा.